गृहकर्जाच्या व्याजावरची वजावट: मिळते किती, अडते कुठे आणि असावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे दर आणि मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, पण घरकर्जाच्या वजावटीचा सांगाडा तोच राहतो. बँकेत, सीएकडे आणि कंपनीच्या पगार विभागात अजून जुनेच क्रमांक तोंडी आहेत, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

गृहकर्ज घेतले की कर वाचतो म्हणतात. नेमके काय वाचते?

हप्त्याचे दोन भाग असतात, व्याज आणि मुद्दल. व्याजाला कलम २४(बी) लागते. स्वतः राहत असलेल्या घरासाठी वर्षाला जास्तीत जास्त २ लाख रुपये. मुद्दल कलम ८०सी मध्ये जाते, जिथे मर्यादा दीड लाखाची आहे आणि तीत पीएफ, विम्याचा हप्ता, पीपीएफ, मुलांची शिकवणी फी (शाळेची, खासगी क्लासची नव्हे) असे सगळेच दाटीवाटीने बसलेले असते. बऱ्याच पगारदारांचा दीड लाख पीएफ आणि विम्यातच संपतो, त्यामुळे मुद्दलाची वजावट कागदावर असते, हातात येत नाही.

वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. २ लाखांची वजावट म्हणजे २ लाख परत, असे समजून घर घेणारे दरवर्षी भेटतात. जुन्या करप्रणालीत (दर चढे, वजावटी जास्त; नवीत याच्या उलट) ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ४ टक्के उपकरासह ६२,४०० रुपये वाचतात, २० टक्क्यांत ४१,६००. ५ टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर, कलम ८७ए च्या सवलतीने कर मुळातच शून्य होतो, म्हणून वाचत काही नाही. नव्या प्रणालीत, स्वतः राहत असलेल्या घरासाठी, शून्य.

आकड्यांत दाखवा. ५० लाखांच्या कर्जावर काय होते?

५० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षे. हप्ता येतो साधारण ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याज ३५,४१७, म्हणजे मुद्दलात जेमतेम ७,९७४ रुपये गेले. पहिल्या वर्षात तुम्ही ५ लाख २१ हजारांच्या आसपास भरता, त्यातले ४ लाख २१ हजार व्याज असते. वजावट मिळते २ लाखांवर. उरलेल्या २ लाख २१ हजारांचे काहीच होत नाही. स्वतः राहत असलेल्या घराच्या बाबतीत मर्यादेवरचे व्याज पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

हेच कर्ज पूर्ण मुदतीपर्यंत चालवले तर पहिली चौदा वर्षे व्याज २ लाखांच्या वरच राहते आणि पंधराव्या वर्षी प्रथमच खाली येते. उलट बाजूने पाहिले तर पहिल्याच वर्षी व्याज बरोबर २ लाख यावे यासाठी कर्ज असावे लागते पावणेचोवीस लाखांचे. मुंबई, ठाणे, पुण्यात या रकमेत काय मिळते ते वाचकांना सांगायला नको. २ लाखांची ही मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पात ठरली आणि तेव्हापासून हललेली नाही.

कर वाचतो म्हणून मुदतपूर्व परतफेड करू नये, असे एजंट सांगतो. खरे का?

नाही. शंभर रुपये व्याज भरून फार तर एकतीस रुपये कर वाचतो, बाकी एकोणसत्तर बँकेचे. शिवाय वरच्या उदाहरणात व्याज ४ लाख २१ हजार आहे. ते परतफेडीने ३ लाखांवर आणले तरी वजावट २ लाखच राहते, म्हणजे वाचलेल्या व्याजावर कराचा तोटा एका पैचाही नाही. तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे. हाताशी आणीबाणीची रक्कम ठेवून उरलेले पैसे कर्जात टाकायला काहीच हरकत नाही.

नव्या करप्रणालीत व्याजाची वजावट अजिबातच नाही का?

स्वतः राहत असलेल्या घरासाठी नाही. भाड्याने दिलेल्या घरासाठी आहे, पण अर्धवट. भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा करता येते, मात्र त्यातून तोटा निघाला तर तो पगारात वळता करता येत नाही.

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. म्हणजे कंपनीला काहीच कळवले नाही तर तुमचा टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) नव्या प्रणालीने कापला जातो. पगारदाराला रिटर्न भरताना जुन्या प्रणालीत जाता येते, पण मूळ मुदतीच्या आत भरलेल्या रिटर्नमध्येच. मुदत उलटली की त्या वर्षापुरता पर्याय गेला. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि त्यांना दरवर्षी इकडून तिकडे उडी मारता येत नाही.

मग जुनी प्रणाली घ्यावी की नवी?

गणित करावे, सवयीने ठरवू नये. ढोबळ पगार १५ लाख धरू.

नवी प्रणाली: ७५,००० प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळणारी) गेल्यावर करपात्र १४ लाख २५ हजार. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारावर १० टक्क्यांनी ४०,०००, उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. एकूण ९३,७५०, उपकरासह ९७,५००.

जुनी प्रणाली: ५०,००० प्रमाणित वजावट, ८०सी चे दीड लाख, घरकर्जाचे २ लाख. करपात्र ११ लाख. कर १,४२,५००, उपकरासह १,४८,२००. घरकर्ज असूनही जुनी प्रणाली ५०,७०० रुपयांनी महाग!

१५ लाखांच्या पगारावर जुनी प्रणाली बरोबरीला यायची तर प्रमाणित वजावट सोडून ५ लाख ४३ हजार ७५० रुपयांच्या वजावटी लागतात. ८०सी चे दीड लाख, व्याजाचे २ लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार, एनपीएसचे ५० हजार जोडले तरी सव्वाचार लाखच होतात. २५ लाखांच्या पगाराला हाच आकडा ८ लाखांवर जातो. आणि १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारदाराला नव्या प्रणालीत करच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच मिटतो.

तफावत भरून काढते ती मुख्यतः घरभाडे भत्त्याची सूट. नोकरी मुंबईत, भाड्याने राहणे मुंबईत आणि कर्जाचे घर नाशिकला, अशा माणसाचा मूळ पगार साडेसात लाख, पुरेसा घरभाडे भत्ता आणि भाडे महिना ३० हजार असेल तर २ लाख ८५ हजारांची सूट बसते. वरच्या सव्वाचार लाखांत ती मिळवली की जुन्या प्रणालीतला कर ६२,९२० रुपयांवर येतो. त्याला जुनी प्रणालीच फायद्याची. भाड्याचा भत्ता आणि घरकर्जाचे व्याज दोन्ही एकत्र घेता येत नाही, हा समज चुकीचा आहे. स्वतःचे घर दुसऱ्या गावात असेल तर सरळच मिळते. त्याच शहरात असेल तर कारण खरे हवे (कामाचे ठिकाण फार लांब, घर भाड्याने दिलेले) आणि भाडे बँकेतून दिलेले दिसायला हवे.

ताबा अजून मिळालेला नाही. व्याज भरतोय, वजावट कधी?

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

बांधकाम पूर्ण होईपर्यंत २४(बी) ची वजावट शून्य. बिल्डरला टप्प्याटप्प्याने पैसे जात असतात, बँक तेवढ्यावर प्री-ईएमआय (पूर्ण हप्ता सुरू होण्याआधीचे नुसते व्याज) घेत असते, तुम्ही भाडेही भरत असता, आणि वजावट नाही. बांधकाम पूर्ण झाले त्या आर्थिक वर्षापासून चालू व्याज मिळू लागते. आधीच्या काळाचे साचलेले व्याज पाच समान भागांत पाच वर्षे मिळते. 'आधीचा काळ' मोजायचा तो कर्ज घेतल्यापासून पूर्णत्वाच्या वर्षाआधीच्या ३१ मार्चपर्यंत.

उदाहरण घ्या. पुण्यात फ्लॅट, कर्जाचा पहिला टप्पा जुलै २०२२ मध्ये, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आणि ताबा नोव्हेंबर २०२५ मध्ये. जुलै २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात साडेपाच लाख व्याज गेले. त्याचा पाचवा हिस्सा १,१०,००० रुपये, २०२५-२६ ते २०२९-३० अशी पाच वर्षे. एप्रिल ते नोव्हेंबर २०२५ चे व्याज चालू वर्षाच्या व्याजातच धरायचे, ते वेगळे काढून पाच भागांत टाकू नका. आता खोच अशी की हे १,१०,००० त्याच २ लाखांच्या मर्यादेत बसवायचे असतात. चालू व्याज ३ लाख ६० हजार असेल तर मर्यादा आधीच भरली, साचलेले साडेपाच लाख पाण्यात.

दुसरी अट पाच वर्षांची. ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण व्हायला हवे. वरच्या उदाहरणात ती मुदत ३१ मार्च २०२८. त्यानंतर एक दिवस जरी उशीर झाला तरी वार्षिक मर्यादा २ लाखांवरून ३० हजारांवर येते, आणि तीही त्या कर्जापुरती कायमची. रखडलेल्या प्रकल्पात अडकलेल्याला एकीकडे महारेराकडे (राज्याचे बांधकाम नियामक) व्याजाची तक्रार करावी लागते आणि दुसरीकडे प्राप्तिकर कायदा त्यालाच दंड लावल्यासारखा वागतो. घर भाड्याने दिले तर ही अट आणि ही मर्यादा लागत नाही.

कायद्यात 'भोगवटा प्रमाणपत्र' हा शब्द नाही, बांधकाम पूर्ण झालेले हवे एवढेच आहे. पण चौकशीत पूर्ण झाल्याचा पुरावा मागितला की ओसी (म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र) आणि ताबापत्र यांवरच निभावते. बिल्डरने 'फिट-आउटसाठी' (आतल्या सजावटीसाठी) म्हणून आधी किल्ल्या दिल्या आणि ओसी दोन वर्षांनी आली, तर तारखेचा वाद ओढवतो. किल्ल्या घेताना मिळालेले पत्र, सोसायटीचे पहिले देखभाल बिल, वीजमीटर जोडल्याची तारीख, घरपट्टीची पहिली आकारणी हे सगळे एका फायलीत ठेवा.

नवरा-बायको दोघे कर्जदार आहेत. दोघांना दोन-दोन लाख?

हो, पण दोघांची नावे दोन्हीकडे हवीत, खरेदीखतावर (आणि त्याच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, म्हणजे इंडेक्स-२ वर) आणि बँकेच्या कर्जमंजुरीवर. मर्यादा माणशी आहे, घराला नाही. ५० लाखांच्या उदाहरणातले ४ लाख २१ हजार व्याज निम्मे-निम्मे केले की दोघांच्याही मर्यादा पुरत्या भरतात. वाटणी मालकीच्या हिश्श्यानुसार करायची, ज्याचा कर जास्त त्याच्याकडे झुकवून नाही. हिश्शाचे प्रमाण खरेदीखतातच लिहून घेतले तर पुढे प्रश्न येत नाही. हप्ता एकाच्या खात्यातून जात असेल तर दुसऱ्याने आपला वाटा दरमहा त्या खात्यात वळता करावा, म्हणजे माग राहतो.

महाराष्ट्रात एक खास सापळा आहे. खरेदीदार फक्त महिला असेल तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ६० लाखांच्या घरावर ६० हजार वाचतात म्हणून घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतात, कर्ज मात्र पतीच्या पगारावर. पती बँकेत सहकर्जदार असला तरी मालक नाही, म्हणून वजावटीला पात्र नाही. तो जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर एकदाचे ६० हजार वाचवून दरवर्षीचे ६२,४०० घालवतो. तो नव्या प्रणालीत असेल तर काहीच बिघडत नाही. आधी प्रणाली ठरवा, मग नाव.

घर भाड्याने दिले आहे. हिशेब कसा?

महिना २५ हजार भाडे, वर्षाचे ३ लाख. स्वतः भरलेली घरपट्टी १२ हजार वजा, उरले २ लाख ८८ हजार. त्याच्या ३० टक्के, म्हणजे ८६,४०० ठोक वजावट (दुरुस्ती केली असो वा नसो). उरले २ लाख १ हजार ६००. व्याज ४ लाख २१ हजार पूर्ण वजा होते, २ लाखांची मर्यादा इथे नाही. तोटा २ लाख १९ हजार ४००. जुन्या प्रणालीत त्यातले २ लाख पगारातून वळते होतात आणि १९,४०० पुढे आठ वर्षांपर्यंत घराच्याच उत्पन्नाविरुद्ध ओढता येतात. नव्या प्रणालीत पगाराला हात लागत नाही, पण भाडे मात्र करमुक्त होऊन जाते.

सोसायटीचे देखभाल शुल्क, दलाली, रंगकाम वेगळे मिळत नाही. ते ३० टक्क्यांतच आले असे कायदा मानतो. घरपट्टी भाडेकरूने भरली असेल तर तीही नाही.

गावाकडचे घर आणि शहरातला फ्लॅट, दोन्हींवर कर्ज आहे.

दोन घरे 'स्वतः राहत असलेली' म्हणून दाखवता येतात. गावचे घर समजा चिपळूणला असेल, तर त्यावर काल्पनिक भाडे धरले जाणार नाही. पण व्याजाची मर्यादा दोन्ही मिळून २ लाखच.

मित्राकडून किंवा सासऱ्यांकडून घेतलेल्या कर्जाचे व्याज चालते का?

२४(बी) ला चालते. त्यांचा पॅन आणि व्याज मिळाल्याचा सहीचा दाखला लागतो, आणि त्यांनी ते व्याज स्वतःच्या उत्पन्नात दाखवायला हवे. ८०सी ला मात्र चालत नाही, तिथे बँक, गृहवित्त संस्था, एलआयसी यांसारखी ठरावीकच नावे आहेत.

टॉप-अप, प्लॉटचे कर्ज, बॅलन्स ट्रान्सफर?

टॉप-अपचा (चालू गृहकर्जावर घेतलेल्या वाढीव कर्जाचा) पैसा कुठे गेला ते पाहायचे. घराच्या दुरुस्तीला गेला तर वर्षाला ३० हजारांपर्यंत, तेही २ लाखांच्या आतच, आणि बिले हवीत. मुलीच्या लग्नाला गेला तर काही नाही, मग बँकेने त्या कर्जाला 'होम' म्हटले असले तरी. नुसत्या प्लॉटच्या कर्जावर काही मिळत नाही. त्यावर घर बांधून पूर्ण झाल्यावर व्याज मिळू लागते. कर्ज दुसऱ्या बँकेत नेले तर जुने फेडण्याइतक्या रकमेवरचे व्याज पूर्वीसारखेच धरले जाते.

कोणते कागद लागतात?

कंपनीला फॉर्म १२बीबी (वजावटींची माहिती देणारा) आणि बँकेचा व्याजाचा दाखला. जानेवारीत मिळतो तो तात्पुरता, मार्चपर्यंतच्या हप्त्यांचा अंदाज धरून केलेला. मध्येच व्याजदर बदलला किंवा तुम्ही परतफेड केली तर तो चुकतो, म्हणून रिटर्नसाठी एप्रिलनंतरचा अंतिम दाखला काढा. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून (म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नपासून) रिटर्नमध्येच बँकेचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि ३१ मार्चची शिल्लक विचारतात. नुसता '२,००,०००' लिहून मोकळे होण्याचे दिवस संपले.

आणखी एक बारीक फरक. व्याज देय झाले की २४(बी) मध्ये धरता येते, हप्ता थकला असला तरी. मुद्दल प्रत्यक्ष भरले तरच ८०सी. थकबाकीवरचे दंडव्याज कुठेच नाही.

आता मूळ मुद्दा. सरकारने अशी वजावट द्यावी का?

आमचे मत: आजच्या स्वरूपात नाही. कारणे क्रमाने.

घरमालक म्हणतात, भाड्याने घर देणाऱ्याला व्याज वजा करू देता, आम्हाला का नाही? बरोबर वाटते, पण देणाऱ्याचे भाडे करपात्र असते. व्याज हा ते उत्पन्न मिळवण्याचा खर्च. स्वतःच्या घरात राहणाराही खरे तर स्वतःलाच भाडे देत असतो, फक्त ते कुठे दिसत नाही आणि त्यावर कर नाही. भारतात १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत राहत्या घराचेही वार्षिक मूल्य काढून कर लागत असे. कर निर्धारण वर्ष १९८७-८८ पासून ते शून्य धरले जाते. उत्पन्न शून्य धरायचे आणि खर्च मात्र पगारातून वजा करायचा, याला खर्चाची वजावट म्हणत नाहीत, अनुदान म्हणतात. अनुदान देण्यात पाप नाही. पण मग ते कोणाला पोहोचते हे बघावे लागते.

आणि तिथे चित्र उलटे दिसते. त्याच २ लाख व्याजावर वरच्या टप्प्यातल्याला ६२,४००, मधल्याला ४१,६००, खालच्याला काहीच नाही. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्या रिक्षाचालकाला किंवा भाजीवालीला शून्य, कर्जाचा दर मात्र त्यांना बहुधा जास्तच. भाडेकरूला तर नाहीच. घराची सर्वाधिक निकड ज्याला, त्याला सर्वांत कमी, अशी ही योजना.

तिसरे, किमती. जिथे जमीन आणि परवानग्या अडलेल्या आहेत तिथे ग्राहकाच्या हातात जादा पैसा आला की तो दरात मुरतो. ग्राहकाला हप्ता परवडतो म्हटल्यावर बिल्डर दर त्याच हप्त्याला बेतून लावतो. मुंबई महानगरात अडचण मागणीची कधीच नव्हती. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. म्हणजे घरे होती, पण घेऊ शकणाऱ्याच्या आवाक्यातली नव्हती किंवा कोणी गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवली होती.

वजावटीच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले एक आम्हाला पटते: सुरुवातीची पाच-सात वर्षे. पगार लहान, हप्ता मोठा, वर भाडेही चालू. तेव्हा मदत हवीच. पण चाळिशी-पन्नाशीतल्या, पगार तिप्पट झालेल्या माणसाला तीच वजावट का चालू ठेवायची, याचे उत्तर कोणी देत नाही.

पण वजावट काढली तर लोक घरेच घेणार नाहीत?

इतर देशांचा अनुभव तसे सांगत नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात राहत्या घराच्या व्याजावर अशी वजावट नाही, तरी घरमालकीचे प्रमाण अमेरिकेच्या आसपासच आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या अर्थसंकल्पात सवलत माणशी न देता घरटी देण्याचे ठरले, पण अंमल १ ऑगस्टपासून. मधल्या महिन्यांत जोडप्यांनी आणि मित्रांनी एकत्र येऊन घाईघाईने घरे घेतली आणि आधीच तापलेला बाजार उकळला. नंतर तिथल्या सरकारांनी शहाणपणाने वागून सवलत एका झटक्यात न काढता २५ टक्क्यांवरून २०, १५, १० अशी उतरवत एप्रिल २००० मध्ये बंद केली. बाजार कोसळला नाही. डेन्मार्कमध्ये १९८७ च्या सुधारणेने वरच्या उत्पन्नगटाची सवलत घटली, त्यावरच्या संशोधनात दिसले की घर घ्यायचे की नाही हा निर्णय बदलला नाही. घराचा आकार आणि कर्जाची रक्कम बदलली.

अमेरिकेत तर अजून चालू आहे ना?

चालू आहे, पण ती घरांसाठी म्हणून आलीच नव्हती. १९१३ च्या कायद्यात सगळ्याच व्याजावर वजावट होती. १९८६ च्या सुधारणेत क्रेडिट कार्ड, गाडीकर्ज यांची काढली, घराची राहिली. आता साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाच्या व्याजावर ती मिळते (१५ डिसेंबर २०१७ नंतरच्या कर्जांना). तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ठाऊकच असेल की ती घ्यायची तर प्रमाणित वजावट सोडावी लागते. २०२५ मध्ये जोडप्याची प्रमाणित वजावट ३१,५०० डॉलर आहे, त्यामुळे बहुतेकांना व्याजाचा आकडा भरण्याची वेळच येत नाही. आपल्या नव्या प्रणालीने जे केले तेच, वेगळ्या वाटेने.

मग सरकारने करावे काय?

वजावटीऐवजी करातून थेट सूट. समजा व्याजाच्या ठरावीक टक्के, सर्वांना सारखी, फक्त पहिल्या घरासाठी, किमतीला कमाल मर्यादा आणि सात वर्षांची मुदत. ज्याचा कर शून्य त्याच्या कर्जखात्यात तेवढी रक्कम जमा. ही कल्पना नवी नाही. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यदलाने २००२ मध्येच ही वजावट कमी करत नेऊन लहान कर्जांना व्याज अनुदान द्यावे असे सुचवले होते. प्रत्यक्षात २००१ मध्ये दीड लाख झालेली मर्यादा तशीच राहिली आणि पुढे वाढली.

पाच वर्षांची बांधकामाची अट तर आजच काढायला हवी. उशीर बिल्डर करतो, शिक्षा ग्राहकाला.

नव्या प्रणालीने वजावट गुपचूप संपवत आणली, त्याला आमचा तत्त्वतः विरोध नाही. दर कमी करून वजावटी काढणे रास्तच आहे. आक्षेप एवढाच की २०१९-२० मध्ये वीस वर्षांचे कर्ज घेताना ज्याने ही सवलत हिशेबात धरली, त्याला मध्येच 'दोनांतली एक प्रणाली निवड' म्हणणे हे ब्रिटनसारखे पायरीपायरीने उतरणे नव्हे.

कमी उत्पन्नवाल्याला सध्या काही मिळते का?

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये व्याज अनुदान आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात. देशात कुठेही पक्के घर नावावर नसावे. हप्ते नियमित नसतील तर पुढचे अनुदान अडकते.

८०ईई आणि ८०ईईए (घरकर्जाच्या व्याजावरच्या जादा वजावटी) अजून मिळते का?

नव्या कर्जांना नाही. ८०ईई साठी कर्ज २०१६-१७ मध्ये आणि ८०ईईए साठी १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ दरम्यान मंजूर झालेले हवे (घराचे मुद्रांक मूल्य ४५ लाखांपर्यंत). तेव्हाचे पात्र कर्जदार जुन्या प्रणालीत राहिले तर कर्ज फिटेपर्यंत घेऊ शकतात. ८०ईईए चे दीड लाख २४(बी) च्या २ लाखांच्या वर मिळतात, हे पुष्कळांना माहीतच नसते.

घर विकले तर आधी घेतलेली वजावट परत जाते का?

८०सी ची जाते. ताबा घेतला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत विकले, तर मुद्दलावर आणि मुद्रांक शुल्कावर घेतलेली सगळी वजावट विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवली जाते. २४(बी) चे व्याज परत मागितले जात नाही. मात्र वजावट म्हणून एकदा घेतलेले व्याज विक्रीच्या वेळी घराच्या खरेदी खर्चात पुन्हा धरता येत नाही. पूर्वी दोन्हीकडे दाखवण्याची पळवाट होती, ती २०२३ च्या वित्त कायद्याने बुजवली. म्हणून दरवर्षीचा व्याजाचा दाखला आणि त्या वर्षी किती वजावट घेतली तो रिटर्नचा कागद, दोन्ही एकत्र टाचून खरेदीखतासोबत ठेवा.